जिन्यापाशी बसलेली कावेरी

बुधवार, संध्याकाळ

झोटवाड्याच्या शाळेची मुलं आज आमचं वरच्या मजल्यावरचं कापडछपाईचं संग्रहालय बघून गेली. एक मुलगी व्हीलचेअरवर असते, तिला आणत नाही, असं शाळेच्या बाई फोनवर म्हणाल्या होत्या. मीच आग्रह केला, "आणा हो, आम्ही स्वयंसेवक उचलून वर नेऊ." लहान मूल असेल असं धरून चालले होते. कावेरी निघाली सातवीतली.

आमच्यातल्या दिनेशजींनी हात पुढे केले, तशी ती म्हणाली, "मुझे कोई नहीं उठाएगा."

बरोबरच होतं तिचं. सगळ्या वर्गासमोर कोण उचलून घेईल?

बाकीची मुलं वर गेली. मी तिच्याजवळ जिन्यापाशी बसले. बगरू गावचा, कापडावर छापायचा एक लाकडी ठसा खाली आणून दिला. तिने तो उलटसुलट करून परत केला. वरून हसण्याचे आवाज येत होते. मेला तो अरुंद जिना! जागा भाड्याची, मालक खिळा ठोकू देत नाही. मी काय करणार?

"आंटी, ऊपर क्या है?"

एरवी आल्यागेल्याला वरच्या कापडांबद्दल तासभर सांगणारी मी. म्हणाले, "कुछ खास नहीं, बेटा."

तिने मान हलवली. माझं मन राखायला हलवली असावी.