कोठीत काहीतरी संपलंय

४ तारीख, दुपार

बोटीवर चढलो. बोट कसली, अख्खी गल्ली पाण्यावर उभी केलीय. भीती अजिबात वाटली नाही. शिडीवर मध्येच थांबलो तो मागच्यांना वाट देण्यासाठी. मागे कुणीच नव्हतं, असं हिचं म्हणणं.

ही सहल मेहुण्याची, म्हणजे हिच्या धाकट्या भावाची भेट. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. अकरा तारखेला वरच्या मजल्यावरच्या लहान हॉलमध्ये खिडकीजवळचं दोघांचं टेबल त्याने आधीच राखून ठेवलंय. हिची मागणी एवढीच की त्या संध्याकाळी मी तिच्यासमोर बसावं आणि जेवण संपेपर्यंत उठू नये. पंचवीस वर्षांत लग्नाच्या वाढदिवसाला एकदाही असं झालं नाही म्हणे. आता, पाचशे मुलांच्या वसतिगृहाची कोठी ज्याच्या गळ्यात, त्याने घरी बायकोसमोर बसायचं कधी? पण शब्द दिलाय. मी दिलेला शब्द पाळतो.

लाइफ जॅकेट घालून पाहिलं. फक्त माप बघायला. जेवायला जाताना हिने काढायला लावलं.

५ तारीख, सकाळ

झोप उत्तम. अधूनमधून उठून बोट चालू आहे ना, तेवढं पाहिलं. एरवी सकाळी एक माळ जप होतो, आज तीन झाल्या. हवा छान होती.

कालचं जेवण: भाजलेली कोंबडी, लोण्यातले बटाटे, पावाच्या टोपल्या हव्या तेवढ्या, शेवटी चॉकलेटचा केक. टेबलावर आमच्यासोबत एक दंतवैद्य आहेत आणि मोत्यांची माळ घातलेल्या एक वयस्क बाई. बाई दरवर्षी याच बोटीवर येतात, त्याही केवळ या केकसाठी. दंतवैद्यांनी केकबद्दल मत दिलं नाही, पण दोनदा घेतला.

संकल्प: सहल संपेपर्यंत कोठी, माल, पोती यांचा विचार करायचा नाही.

६ तारीख

मेनू बदलला.

टेबलावर नवं जाड कार्ड. ‘प्रवाशांच्या आग्रहास्तव आजपासून हलका, ताजा, आधुनिक आहार.’ कोंबडी गेली, तिच्या जागी वाफवलेला मासा. बटाटे गेले, पानं आली. केक गेला आणि वाटीत फेस आला. त्या फेसाला कार्डावर तीन ओळींचं नाव होतं.

हॉलमध्ये नुसता गलका. माळवाल्या बाई म्हणाल्या, कुठल्या प्रवाशाने आग्रह केला तो मेला माझ्यासमोर आणून उभा करा. दंतवैद्य म्हणाले, असलं जेवण मी दाढ काढल्यावर सांगतो. पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थांनी वेटरला दाखवायला फेसाची वाटी उलटी धरली. फेस पडला नाही, त्यामुळे ते आणखीच चिडले. वेटर बिचारा सगळ्यांना एकच सांगत होता, साहेब, वरून आलंय.

मी एकट्याने तक्रार केली नाही, कारण मी एकट्यानेच ओळखलं. असले फलक मी स्वतः लिहितो. तेल संपलं की ‘आरोग्यासाठी आज उकडलेलं’. साखर संपली की ‘दातांची काळजी सप्ताह’. कोठीतलं काही संपल्याशिवाय जगात कुणी मेनू बदलत नाही. हे जेवणाऱ्याला कळत नाही, कोठीवाल्याला कळतं.

तेव्हा, कोठीत काहीतरी संपलंय. तेही इतक्या लवकर. म्हणजे एकतर माल कमी भरला, नाहीतर बोट वाट चुकलीय आणि आहे ते पुरवून पुरवून वाढतायत.

मी शांत आहे. अक्षर हलतंय ते इंजिनामुळे.

७ तारीख, दुपार

वेटरला सहज विचारलं, तुमची कोठी कुठे असते हो? खाली, अगदी तळाला, म्हणाला, आणि हसला. कोठी रिकामी असली की मीही असाच हसतो.

सावधगिरी म्हणून एक पाव रुमालात घेतला. ही म्हणाली, अहो, ठेवा तो परत, लोक बघतायत. ठेवला. दुसरा खिशात होता, तो राहिला.

केबिनमधल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक लहानशी कोठी सुरू केलीय. पाव, चीज, उकडलेली अंडी, सफरचंदं. जुना माल पुढे, नवा मागे. हाताला काम मिळालं की माणूस स्थिर होतो. वरच्या दांडीवर हिचा अकरा तारखेसाठी शिवलेला निळा पोशाख आहे. त्याला जराही धक्का लागू दिला नाही.

७ तारीख, संध्याकाळ

कुणालाही घाबरवायचं नाही असं ठरवलं होतं. पण दंतवैद्य शिकलेला माणूस, म्हणून त्यांना विश्वासात घेतलं. ते मोठ्याने हसले. मग हसायचे थांबले आणि विचारलं, खरंच तुम्ही इतकी वर्षं कोठी सांभाळताय? हो म्हटलं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि एक अंडं कोटाच्या खिशात टाकलं.

माळवाल्या बाईंना मी काही सांगितलं नाही. त्यांनी ऐकलं. तक्रारीत त्यांचा आवाज सगळ्या हॉलमध्ये मोठा, त्या एकदम गप्प झाल्या. पर्समधून चष्मा, औषधं, पत्ते सगळं बाहेर काढलं आणि त्या जागी संत्री भरली. मग उठून शेजारच्या टेबलावर कुजबुजायला गेल्या.

८ तारीख

सिद्ध झालं! फळांच्या टोपल्या सकाळीच रिकाम्या. पाव माणशी एक. अंडी मागितली तरच.

हिला म्हटलं, बघ. ही म्हणाली, काल अर्धा हॉल फुगलेले खिसे घेऊन बाहेर पडला, ते तुम्ही बघितलं नाही का? बघितलं ना. दूरदृष्टीची माणसं बोटीवर आणखीही आहेत, याचा आनंद झाला.

मेनूबद्दल आता कुणी चकार शब्द काढत नाही. परवा वाटी उलटी धरणारे गृहस्थ आज वाटी बोटाने पुसून खात होते. लिफ्टमध्ये एक बाई फेस पाण्याच्या बाटलीत भरून नेताना भेटल्या. त्या माझ्याकडे बघून मान हलवून गेल्या. मीही हलवली. संकटात माणसं जवळ येतात.

निळ्या पोशाखाला चीजचा वास लागला. केबिनची खिडकी उघडत नाही. हिने तो न्हाणीघरात नेऊन टांगला, काही बोलली नाही. हिचं गप्प राहणं मी संमती धरतो.

९ तारीख

माळवाल्या बाईंनी शिष्टमंडळ काढलं. जुना मेनू परत द्या आणि बोट नक्की कुठे आहे ते सांगा, अशी मागणी. पुढे कोणी व्हायचं म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. कोठीतला माणूस म्हणून. कोटाच्या आत लाइफ जॅकेट होतं, त्यामुळे मी बऱ्यापैकी भारदस्त दिसत असणार.

खानपान विभागाच्या मुख्य मॅडम आल्या. उंच, नम्र, आवाज एकदम हळू. म्हणाल्या, बोला, काय अडचण आहे?

मी म्हणालो, सूप फार छान होतं.

दंतवैद्यांनी मागून ढोसलं. मी म्हणालो, मासाही.

हा डावपेच होता. समोरच्याला गाफील ठेवून मग मुद्द्यावर यायचं. पण मी मुद्द्यावर यायच्या आत मॅडम आभार मानून निघून गेल्या. माळवाल्या बाईंना डावपेच कळला नाही. त्यांनी मला कोठीतला उंदीर म्हटलं, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं. त्यांच्या वयाकडे बघून मी सोडून दिलं. कोटाची बटणं लागत नव्हती, नाहीतर उत्तर दिलं असतं.

१० तारीख

समुद्र खवळलाय. दुपारी सगळ्यांना फक्त सूप आणि सँडविच. वेटर म्हणाला, बोट एवढी हलते तेव्हा मोठ्या शेगड्या पेटवत नाहीत, आणि सूप तर तुम्हाला आवडतंच ना साहेब. म्हणजे आता जळणही संपलं.

लाइफ जॅकेट घालून पलंगावर बसलो. जपाला बसलो, पण मणी ओढताना नाव राहून जाई आणि नुसते मणीच पुढे सरकत. शेवटी माळ ठेवली आणि विचार केला की आपण नेमकं कशाला घाबरतो? मरणाला म्हणावं तर तेवढं नाही. देव नेईल तेव्हा जायचंच आहे. मग लक्षात आलं. वयाच्या विशीपासून माझ्या कमरेला कोठीची किल्ली आहे. उद्या काय शिजणार, ते मला आदल्या दिवशी ठाऊक असतं. इथे किल्ली दुसऱ्याकडे आहे, आणि तो माणूस मी पाहिलेलाही नाही. देवही मी पाहिलेला नाही, पण त्याच्यावर माझा विश्वास आहे. त्याच्या कोठीत काही संपल्याचं ऐकलेलं नाही.

ही पलंगाच्या दुसऱ्या टोकाला सँडविच खात मासिक वाचत होती. तिला विचारलं, तुला नाही का भीती वाटत? म्हणाली, वाटते ना. उद्या तुम्ही उठून जाल याची.

मी म्हटलं, वेडी आहेस. उद्या बोट उभी चिरली तरी मी खुर्चीवरून हलणार नाही.

म्हणाली, बोटीचं राहू द्या.

११ तारीख, सकाळ

समुद्र शांत. मॅडमनी लाउडस्पीकरवरून सांगितलं: केबिन साफ करणाऱ्यांना घरोघरी, म्हणजे केबिनोकेबिनी अन्नाचे साठे सापडतायत. त्यामुळे रोजचा अंदाज चुकतो आणि टोपल्या रिकाम्या राहतात. बोट वेळेवर आहे, उद्या बंदराला लागेल. कोठी भरलेली आहे. नव्या मेनूवरची नाराजी समजली, आज संध्याकाळी जुना मेनू परत. कुणाला अजूनही शंका असेल त्याने संध्याकाळी माल काढायला कोठी उघडते, तेव्हा येऊन डोळ्यांनी पाहावं.

हॉलमध्ये टाळ्या. माळवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या, माझा केक! त्यांनी पर्समधली संत्री तिथल्या तिथे वाटून टाकली. दंतवैद्य कोटाला वास येतो म्हणून बदलायला गेले.

माझे हात काही टाळीला उठले नाहीत. कोठी भरलेली आहे, असं मी मुलांना नेमकं कोणत्या दिवशी सांगतो, ते मला माहीत आहे.

अडचण एवढीच, की कोठी उघडण्याची वेळ आणि आमच्या टेबलाची वेळ एकच. विचार केला. न पाहता टेबलावर बसलो तर घास घशाखाली उतरणार नाही. असा नवरा समोर बसून हिला काय सुख? तेव्हा जायचं, दारातून डोकवायचं, आणि हिचा पाण्याचा पेला रिकामा व्हायच्या आत परत यायचं. हे मी तिच्यासाठीच करतोय.

१२ तारीख, सकाळ

बंदर दिसतंय. कालचं लिहून ठेवतो.

हिने निळा पोशाख घातला होता. न्हाणीघरात दोन दिवस साबण लावून लावून वास घालवला होता. केसांत काहीतरी चमकणारं होतं, ते घरून आणलेलं की इथलं, मला सांगता येणार नाही. तिला खिडकीजवळ बसवलं, खुर्ची पुढे सरकवून दिली आणि म्हटलं, आलोच. ती म्हणाली, अहो, बसा ना. मी म्हटलं, एकच मिनिट. मग ती खिडकीबाहेर बघायला लागली.

खाली कोठी पाहायला आलेला मी एकटाच. बाकी सगळे जुना मेनू जेवत होते.

काय ती कोठी! पिठाची पोती छताला टेकलेली. बर्फाच्या खोलीत कोंबड्या, मासे, लोण्याच्या विटा. बटाट्यांची भिंत. चॉकलेट एवढं, की माळवाल्या बाईंनी जन्मभर खावं. काहीही संपलेलं नव्हतं. मेनू कुणीतरी उगाचच बदलला होता, नुसती हौस म्हणून. मी चौकटीला हात लावून उभा राहिलो आणि देवाचं नाव घेतलं. सगळी भीती पायांवाटे उतरून गेली. डोळे ओले झाले.

तिथला कोठीवाला माझ्याच वयाचा, कानावर पेन्सिल. मी त्याला फक्त एवढंच म्हणालो की बटाट्यांना लागून कांदे ठेवू नयेत, कोंब फुटतात. तो म्हणाला, जागा कुठेय? मी म्हटलं, जागा नसते हो, करावी लागते. कोट काढला. कांद्याची पोती हलवली. मग अंड्यांचे ट्रे ओलीपासून दूर घेतले. मग तो म्हणाला, तुमच्याकडे उंदरांचं काय करता? आता असं कुणी विचारल्यावर अर्ध्यावर उठून कसं जाणार?

वर आलो तेव्हा लहान हॉलमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या घालत होते.

केबिनमध्ये ही भिंतीकडे तोंड करून झोपली होती. निळा पोशाख घडी घालून बॅगेत गेला होता. तिला हळूच सांगितलं, कोठी गच्च भरलेली आहे, आता काळजीचं काही कारण नाही. ती म्हणाली, बरं झालं.

सकाळी आपणहून म्हणाली की जेवण फार चांगलं होतं. माळवाल्या बाई शेजारच्या टेबलावर होत्या, त्यांनी विचारलं, ही खुर्ची मोकळी आहे का? ही म्हणाली, हो, मोकळीच आहे. मग त्या येऊन बसल्या. दोघींनी मिळून तीन केक खाल्ले. बाई पुष्कळ हसवतात म्हणे.

मी म्हटलं, चला, तू एकटी पडली नाहीस. ती म्हणाली, छे.

आत्ता मेहुण्याचा फोन आला. त्याचा आवाज मोठा, मला इथपर्यंत ऐकू येत होता. ताई, कसं झालं कालचं जेवण? ही म्हणाली, सुंदर रे. खिडकीतून सगळा समुद्र दिसत होता. तो म्हणाला, आणि भाऊजी? त्यांना काय आवडलं?

ही बॅगेची चेन लावत होती. म्हणाली, अरे, ते कामावर होते.