बोलण्याला कवड्या नाहीत

प्रिय बंड्या,

‘प्रिय’ लिहिलं, कारण पत्राला तसं लागतं. मनात शिवी होती. उद्या कारंज्याला कापसाच्या जिनिंगमधल्या तुझ्या अपघाताच्या चौकशीचा साहेब येतोय आणि त्याच्यासमोर आपला गणा बोलणार आहे. हो, गणाच! ज्याचा शब्द ओठांशी येऊन अडतो, तो. तू कसा मेलास हे पाहिलेला आपल्यातला तो एकटा. म्हणून आज लिहायला बसलो. तुझ्यावरचा राग कागदावर काढला नाही तर उद्या तो साहेबासमोर निघेल.

जिनिंगचा मुकादम काय सांगत फिरतो, माहीत आहे? की बंडूनं मस्ती केली, चालू मशीनमध्ये गंमत म्हणून हात घातला. आपली सगळी इंझोरी आता तेच बोलते. तुझी माय पाण्याला गेली की विहिरीवरच्या बायका गप्प होतात. मला म्हणाली, “नामा, माह्या पोरानं मस्ती केली असन त केली. पन मले कोनी खरं त सांगा.” काय सांगू तिला? मी तेव्हा खानदेशात ट्रकवर क्लीनर. आमचा ड्रायव्हर भजनं म्हणत गाडी हाकायचा, आणि घाट आला की नेमका वरचा सूर लावायचा, डोळे मिटून! असो. त्याचं इथं काय काम.

आपला गढीचा खेळ आठवतो? कायले विचारतो, तूच काढलेला. मारुतीच्या ओट्यावर कोळशानं आखलेली गढी, चिंचोके म्हणजे आपण, आणि तू सांगणारा. “दारात राक्षस उभा हाये. काय करता?” मी पैलवान. लगेच कवड्या फेकायचो. जास्त उताण्या पडल्या तर राक्षस मेला, नाहीतर मी. तू चिडायचास. “अबे, पयले बोल ना त्याच्याशी! भूक लागली का ईचार. त्याची माय कशी हाये ते ईचार!”

आणि खरंच, एकदा मी राक्षसाला त्याच्या मायची तब्येत विचारली तर तो रडायलाच लागला, आणि आपण सगळे गढीत! तलवार न काढता! पुढं दुष्काळात खडी फोडायला गेलो तिथं, मग नाक्यानाक्यावरच्या शिपायांपुढं, मला त्याच शिकवणीनं तारलं. हे मी नाकारत नाही.

पण तुझा तो नियम! हाणामारीला कवड्या, बोलण्याला कवड्या नाहीत. बोलायचं ते आपल्या तोंडानं बोला, तेही मी दहा चुटक्या वाजवायच्या आत. चुटक्या संपल्या की दार बंद. मग गणानं काय करावं रे? त्याला वकील व्हायचं होतं, राजाचा निरोप घेऊन जाणारा. “म... म... महाराज” होईपर्यंत तू दार लावलंस. “तू तलवारच घे बाप्पा,” म्हणालास, “तुह्या निरोपात राजा म्हातारा होईन.” सगळे हसले. गणाही हसला.

मग तो म्हणाला, “मले ब... बोलाले कवड्या दे ना. हा नामा काय ख... खरा पैलवान हाये?”

किती बरोबर बोलला होता! माझ्या दंडात काडीचा जोर नाही, तरी कवड्यांवर मी राक्षस मारायचो. मग ज्याची जीभ अडते त्यानं कवड्यांवर बोललं तर कोणाचं काय गेलं असतं? तू कवड्या मुठीत धरल्यास आणि पुढच्या गड्याकडे वळलास.

तेव्हापासून आपल्या साऱ्यांना खोड लागली. गणानं तोंड उघडलं की वाक्य आपण पुरं करायचं. आपल्याला वाटायचं, मदत करून राह्यलो!

आता त्या दिवसाचं. तुझ्याजवळच कामाला असलेल्या गणानं मला बांधावर बसून सांगितलं, सारी दुपार गेली त्यात. मुकादम तुला म्हणाला, “मशीन बंद हाये, वाक अन् अडकलेली रुई काढ.” पलीकडे दुसरा माणूस चाकावर पुन्हा पट्टा चढवत होता, म्हणजे मशीन आता फिरणार, ते गणाला दिसलं. त्यानं तुझी बाही धरली. तोंड उघडलं. आणि तू? “समजलं, समजलं, जपून करतो,” म्हणालास, बाही सोडवलीस आणि वाकलास.

काय समजलं होतं तुला, बंड्या? राक्षसाच्या मायची चौकशी करायला सांगणारा तू, बाही धरलेल्या मित्रासाठी तुला एक श्वास थांबता आलं नाही? बोला, बोला करून आमचं डोकं खाल्लंस, आणि ऐकायला काहून नाही शिकवलंस? मुकादमाला मी सोडणार नाही, पण तुलाही सोडत नाही. मेलास म्हणून सूट नाही!

गेला आठवडाभर ओट्यावर पुन्हा खेळ मांडतोय. मी साहेब, गणा साक्षीदार. पहिल्याच दिवशी तो अडला आणि मी खोडीप्रमाणे म्हणालो, “म्हणजे पट्टा चढवला, असंच ना?” त्यानं चिंचोका उचलून माझ्या कपाळावर हाणला. “म... मी सांगून राह्यलो ना!”

काल त्यानं सगळं सांगितलं, शेवटपर्यंत. मी साहेबासारखा गुरकावलो, “तू बंडूचा दोस्त. खोटं बोलत नाहीस कशावरून?” तर म्हणतो कसा, “सा... साहेब, खोटं बोलाचं असतं त ए... एवढं लांबलचक काहून बोललो असतो?” ओट्याभोवती जमलेली पोरं पोट धरून हसली. या वेळी गणानंच हसवलं होतं!

तुझी माय बाजूला उभी राहून ऐकत होती, मला दिसलीच नाही. पोरं गप्प झाल्यावर म्हणाली, “पुना सांग, बाप्पा.” त्यानं पुन्हा सांगितलं.

उद्या मी त्याच्यासोबत जातोय. मला सगळ्यात जड जाईल असा शब्द तुला देतो: मी बोलणार नाही. गणा अडला तरी नाही. साहेबानं घड्याळ पाहिलं तरी नाही. मुकादम मधे तोंड घालायला आला तर त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहीन, पण गणाचं वाक्य गणाच पुरं करील. आणि तूही, जिथं असशील तिथं, गप बसून ऐक.

तुझ्यावर अजून चिडलेला,
नामा