लेखकाच्या जागी बाबा

मंगळवार, संध्याकाळ. घाटंजी

प्रबंधाची संदर्भसूची आज एकदाची लावायला बसले. डेटाबेसमध्ये बोंडअळीवरचे लेख शोधले आणि सगळी फाईल संदर्भांच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केली. माझा स्वतःचा लेख मात्र कुठं दिसेना. सापडला तो भलत्याच नावाखाली: देवराव, के. एस.

लेख पाठवताना मी नाव दिलं होतं शाळेच्या हजेरीसारखं, आडनाव आधी. कडू सविता देवराव. आपल्याकडं असंच लिहितात ना? सॉफ्टवेअरनं शेवटचा शब्द आडनाव धरला, आणि बाबा लेखक झाले!

बोंडअळीच्या पतंगांचे सापळे बाबांच्याच वावरात लावले होते, दारव्ह्याला. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा, "सविता, आज लय पाखरं अडकले, मोजाले ये." एकदा त्यांनी विचारलं, "लेखात माह्यं नाव येईन काय वं?" मी म्हटलं, माझ्या नावातच तर आहे तुमचं. त्यावरच खूश झाले. लेख छापून आला तेव्हा बाबा राहिले नव्हते.

माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं तर म्हणाले, "आडनाव दुरुस्त करून घ्या, परीक्षक चूक काढतील." बरोबरच आहे त्यांचं. केलं दुरुस्त. कडू, एस. डी. बाबांचं तेवढं 'डी' उरलं.

सकाळचा तो फोन... अजून कान तिकडंच असतो.

मग उगाच सॉफ्टवेअरच्या शोधाच्या चौकटीत 'देवराव' लिहून पाहिलं. एकही नोंद सापडली नाही.