शिवलीलाच्या चकतीची खंडेनवमी

कोल्हापूर

तीर्थस्वरूप महांतेशअण्णांना धाकट्या अक्काताईचे वाकून शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा आणि वहिनींची शुगर ताळ्यावर असतील, अशी आशा करते. आम्ही इकडं तुमच्या पुण्याईनं सुखरूप आहोत. (पुण्याई हा शब्द उगीच लिहिलेला नाही.)

खंडेनवमीला तुम्ही आमच्याकडं जेवायला होता, तेव्हा शिवलीलाच्या नावाचं कुरिअर आलं. (पुरणपोळीनंतर तुम्ही आडवे झाला होता, त्यामुळं आठवणार नाही.) त्यात शर्टाच्या बटणाएवढी सोन्याची चकती होती, पॉलिश होऊन आलेली. तुमची भाची पीएच.डी.साठी अशा चकतीवर कसलेसे रेणू शिंपडून तापवते. तापले की रेणूंच्या टोकांचा ब्रोमिन गळतो आणि उघडी टोकं एकमेकांना धरून एका अणूएवढ्या जाडीची पट्टी तयार होते. जुळवून द्यायचं काम सोनंच करतं, म्हणे. (माझं रसायन मॅट्रिकला थांबलं, पण रांगोळीचे ठिपके आपले आपण जुळावेत तसं काहीतरी, एवढं मला उमगलंय.) हे सगळं हवा काढलेल्या पोलादी भांड्यात चालतं, कारण धुळीचा कणही खपत नाही. चकती एकच, दुसरी यायला सहा महिने, आणि प्रबंधाची मुदत डिसेंबरात.

आता खंडेनवमीला आपण विळी, इस्त्री, मिक्सर सगळं पूजतो. मग पोरीचंच हत्यार तेवढं कोरडं कसं ठेवायचं? तर चकतीलाही हळद-कुंकू, विभूती आणि झेंडूची पाकळी लागली. संध्याकाळी शिवलीलानं डबी उघडली आणि ओरडलीच. "आई, ह्येला बोट बी लावायचं नसतंय! चार वर्सं गेली की गं माझी!" ती जेवलीही नाही. मी महादेवापुढून उठले नाही.

पण तिचे अमरसिंह सर देवमाणूस. म्हणाले, "मशीनला लिंबू-मिरची मीच बांधतोय, वडीलमाणसाला कुठल्या तोंडानं बोलू?" त्यांनी चकती धुऊन भांड्यात घातली, तिच्यावर आर्गॉन वायूचा मारा केला, तापवली, पुन्हा मारा, पुन्हा ताप, असे अकरा दिवस. आणि काल पट्ट्या जुळल्या! बारीक सुई न टेकवता वरून फिरवतात आणि तसा फोटो काढतात. अण्णा, पेरणीच्या तासांसारख्या सरळ ओळी! मी फोटोला नमस्कार केला. (लांबूनच.) पोरीचा प्रबंध वाचला.

तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

तुमची,
अक्काताई

ता. क. उपकार कसले, ते लिहायचं राहिलं. त्या दिवशी पोरीचं तोंड बघून "मामानं पूजा केली" असं माझ्या तोंडातून निघून गेलं. मामा म्हटल्यावर तिचा राग निवळला. तुम्ही घरात होताच, म्हणजे निम्मं खरंच.

ता. क. दुसरा. येत्या रविवारी ती आणि सर पेढे घेऊन तुमच्या पाया पडायला गडहिंग्लजला येतायत. विचारलं तर हळद, कुंकू, विभूती, झेंडू, एवढंच सांगा. त्याआधी देवाच्या भांड्यांबरोबर चकती चिंचेनं घासली होती, त्याचा उच्चार नको. कडेला बारीक रेघा कशा आल्या, हे सर अजून शोधतायत, आणि ते मी महादेवालासुद्धा सांगितलेलं नाही.