दोन्हीकडचा श्वास

आई,

त्या रविवारी बाबा बॉनेटखाली वाकून, कानाला रबरी नळी लावून, दोन्ही कार्बोरेटरचा श्वास ऐकत होते. मी कंटाळल्याचा आव आणून टॉर्च धरला होता. तू खिडकीतून म्हणालीस, "डॉक्टर, पेशंट वाचला असेल तर जेवायला या." ते म्हणाले, "डावा अजून धापा टाकतोय, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी तेच गेले.

काम अर्धवट राहिलं, म्हणून गाडी आचके देत होती. आपल्याला वाटलं तसं इंजिन गेलेलं नव्हतं. आज मी ते गरम होऊ दिलं, तीच नळी कानाला लावली आणि दोन्हीकडचा आवाज सारखा होईपर्यंत स्क्रू केसभर फिरवत राहिले. आता ते एका सुरात चालतंय.

तू गाडी न्यायला बोलावलेला भंगारवाला आला तर चहा पाजून परत पाठव. गाडी विकायची नाही. मी चढावाच्या रस्त्याला एक फेरी मारून येते, जेवायला थांब.

निघण्यापूर्वी चालू इंजिनाशेजारी उभी राहून मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, टॉर्च धरायला मला फार आवडायचं."