एक शब्द माझा नाही

४ फेब्रुवारी

दादा म्हणतो, सांगताना तू मधे बोलायचं नाही. मी म्हटलं, तेहेतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते, मधे बोलायची खोड असती तर पहिल्याच आठवड्यात घरी बसवलं असतं! बारा न्यायाधीश आले आणि गेले. एकानेही कधी म्हटलं नाही की बाई, मी असं बोललो नव्हतो. साक्षीदार खोकला तर कुठल्या शब्दावर खोकला, तेही मला ठाऊक असायचं. आपली पाठ आपण थोपटू नये म्हणतात. पण ही वही माझी आहे, इथे कोण बघतंय!

तर उद्यापासून सकाळी दहा ते बारा, जेवणाच्या टेबलावर, दादा सांगणार आणि मी उतरवणार. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग वाढत गेलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं. चाळीस वर्षं चर्चमध्ये उपदेश केलेला माणूस, आता स्वतःच्या हाताने ओळ लिहू शकत नाही.

पत्र लिहायचंय. मिरचीला.

५ फेब्रुवारी

मिरची म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी. हे नाव माझंच, ती बोलायला लागली तेव्हापासूनचं. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत असते. गाडीने तीन तासांच्या अंतरावर. मला फोन करते, बापाला नाही. दोन वर्षं आणि चार महिने या घरात तिचं पाऊल नाही.

कारण काय, तर एक प्रश्न. रविवारी उपासनेहून आलो होतो, याच टेबलावर चहा चालला होता. तिने विचारलं, "बाबा, शास्त्र देवाच्या प्रेरणेने लिहिलंय असं शास्त्र स्वतः कुठे म्हणतं? आणि म्हणत असलं तरी, स्वतःच म्हणतं म्हणून मानायचं? बाटलीवर 'शुद्ध पाणी' अशी चिठ्ठी आहे म्हणून आम्ही बाटली पास करत नाही."

दादा म्हणाला, "ज्याला शंका आहेत त्याने माझ्या टेबलावर बसू नये."

ती उठली. कपात अर्धा चहा तसाच. दादाला वाटलं, संध्याकाळी तिचा फोन येईल. तिला वाटलं, बाबा करतील. खाण तशी माती! दोघंही नाकावर माशी बसू देत नाहीत.

आज म्हणतो, "उत्तर द्यायला हवं होतं तिला. उठवायला नको होतं." एवढंच. मग लगेच, "घे लिहून."

७ फेब्रुवारी

दोन पानं झाली. दादा रंगात आलाय. आधी बायबलमधले जुने संदेष्टे घेतले. "परमेश्वर असे म्हणतो" — पानोपानी, ओळीओळीला. "हा दावा नाही तर काय? लिही!" मग प्रेषित पौलाने आपल्या तरुण सोबत्याला लिहिलेलं पत्र — सगळं शास्त्र देवाच्या श्वासातून आलंय. मग येशूच्या शिष्याचं, पेत्राचं — माणसंच बोलली, पण आत्म्याने चालवली तशी बोलली. सगळं तोंडपाठ. आवाज तोच, मागच्या बाकावरच्या पेंगणाऱ्यालाही ताठ बसवणारा. ऐकताना माझा ऊर भरून आला. माझा भाऊ आहे हा!

संध्याकाळी वाचून दाखवलं. काही बदल नाही. बदलायला जागा ठेवत नाही मी.

८ फेब्रुवारी

रविवार. डिक्टेशन बंद. दादाला सर्दी, तरी उपासनेला आला आणि सगळ्यात मोठ्याने गायला.

१० फेब्रुवारी

आज मधे बोलले. राहवलं नाही. म्हटलं, "दादा, पौलाने 'सगळं शास्त्र' म्हटलं तेव्हा त्याच्यासमोर जुन्या कराराच्याच गुंडाळ्या होत्या ना? हे पत्र स्वतः तर अजून ओलं होतं. मिरची हेच विचारेल."

"मला शिकवू नकोस. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौलाची पत्रं इतर शास्त्रांच्या पंक्तीला बसवली आहेत. काढून बघ."

काढून बघितलं. खरंच बसवली आहेत. पण त्याच दमात असंही म्हटलंय की त्यातलं काही काही समजायला अवघड आहे! मला हसू फुटलं. दादाला नाही.

मग टेबलावर हात आपटून म्हणाला, "लिही. देवाने शब्दन्शब्द सांगितला, माणसांनी फक्त उतरवला."

लिहिलं. लिहायचं काम माझं. पण पटलं नाही.

१२ फेब्रुवारी

दुपारी चष्मा लावला आणि पौलाची पत्रं घेऊन बसले. म्हटलं, डिक्टेशन आहे म्हणतोस ना? मग त्यातलं तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं!

आणि सापडलं. एका पत्रात सुरुवातीलाच तो रागावलेला आहे. म्हणतो, बरं झालं, तुमच्यातल्या फक्त दोघांचाच बाप्तिस्मा मी केला. पुढे लगेच — हां, त्या एका घरच्यांचाही केला. आणखी कोणाचा केला असेल तर आठवत नाही.

अगं बाई! हे तर मी हजारदा ऐकलंय. खोलीत येरझारा घालत सांगणारा माणूस असाच बोलतो. आधी ठासून सांगतो, मग अडखळतो, मग आठवतं. आगाऊ लेखनिक असता तर पहिलं वाक्य खोडून सगळं नीटनेटकं करून दिलं असतं. या गड्याने अडखळणंसुद्धा ठेवलं. शाब्बास!

दुसऱ्या एका लांबलचक पत्राच्या शेवटी तर लेखनिक स्वतःच डोकं वर काढतो. हे पत्र उतरवणारा मी, माझाही सलाम. एक ओळ. जवळजवळ दोन हजार वर्षं कुणी खोडली नाही ती. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. आमच्या जातकुळीतला माणूस, शास्त्रात! कोर्टात तेहेतीस वर्षांत माझं नाव एकाही कागदावर धड आलं नाही, खाली कोपऱ्यात दोन अक्षरं तेवढी असायची.

आणखी एक. लग्नाबद्दल लिहिताना पौल स्वच्छ सांगतो — हे प्रभूचं सांगणं, आणि हे पुढचं माझं, प्रभूचं नव्हे. असा साक्षीदार मला आवडतो. खोटा साक्षीदार सगळंच वरच्याच्या नावावर खपवतो. हा वेगळं करून ठेवतो.

१३ फेब्रुवारी

दादाला सगळं सांगितलं. आधी भडकला. "तुला काय कळतं त्यातलं?"

"मला डिक्टेशन कळतं, दादा. पौलाला देवाची प्रेरणा असेल, मी नाही म्हणत नाही. पण पौल स्टेनो नव्हता. स्टेनो शेजारी बसला होता."

मग म्हणाला, "ते त्या दिवशीचं वाक्य. शब्दन्शब्दवालं."

"हं?"

"काढून टाक. आणि लिही — तुझ्या आत्याने मला आज निरुत्तर केलं."

धर्मशास्त्राच्या कॉलेजात शिकलेला, चाळीस वर्षं व्यासपीठावर उभा राहिलेला माझा भाऊ! हे वाक्य मी जरा मोठ्या अक्षरात उतरवलं. एवढं चालतं.

१७ फेब्रुवारी

आज चौथं पान. दादा सांगत होता — दावा आहे, अनेक ठिकाणी आहे, सगळीकडे सारखा नाही. येशूचं चरित्र लिहिणारा लूक तर फक्त म्हणतो, मी नीट शोध करून लिहिलंय. तेव्हा बाटलीवरच्या दाव्यावर थांबू नकोस, आत काय आहे ते पी आणि बघ.

सुरेख चाललं होतं. मधेच थांबला. हाताने टेबलाची कड चाचपली, जिथे मिरची बसायची तिथपर्यंत. मग हळू आवाजात —

"हे लिहू नकोस. हा प्रश्न मलाही पडला होता. बाविसाव्या वर्षी, कॉलेजात. विचारायची छाती झाली नाही. पोरीने विचारला, तोंडावर विचारला. माझ्याहून धीट निघाली. मला तिचा अभिमान वाटतो."

मी मान डोलावली. त्याला मान दिसत नाही. हातही दिसत नाही. हात थांबला नव्हता. शेवटच्या शब्दापर्यंत उतरवलं होतं.

१९ फेब्रुवारी

दोन दिवस डोक्यात तेच. ठेवू की काढू?

शास्त्रात शेवटी शेवटी एक जागा आहे. सात गर्जना बोलतात, योहान लिहायला लागतो, तोच आकाशातून आवाज येतो — हे लिहू नकोस. त्याने ऐकलं. गर्जना काय म्हणाल्या ते आजवर कुणाला कळलं नाही.

पण तो आवाज आकाशातून होता. हा माझ्या भावाचा आहे, सर्दी झालेल्या. कोर्टात बोललेलं खोडायचा हुकूम फक्त न्यायाधीश देतो. या खटल्यात दादा न्यायाधीश नाही, पक्षकार आहे! आणि मिरचीने या एका वाक्यासाठी दोन वर्षं काढली आहेत.

२० फेब्रुवारी

टाइप केलं. सहा पानं. ते वाक्य ठेवलं, "हे लिहू नकोस"सकट.

वाचून दाखवताना तेवढं गाळलं. आयुष्यात पहिल्यांदा. मी बोट लावून दाखवलं तिथे दादाने सही केली, सगळ्या पानांवर.

खाली माझी एक ओळ घातली. त्या लेखनिकाच्या जोरावर. "हे पत्र उतरवणारी मी, तुझी आत्या. माझाही नमस्कार. बाबा बोलले तेच लिहिलंय, एक शब्द माझा नाही."

टपालात टाकून आले. ताठ मानेने.

२७ फेब्रुवारी

काही नाही.

२८ फेब्रुवारी

मिरचीचा निरोप आला. जसाच्या तसा उतरवते —

"आत्या, पत्र मिळालं. चौथं पान तू लिहिलंयस. बाबा असं बोलत नाहीत. जन्मात कधी बोलले नाहीत. सही तर तू कुठेही घेऊ शकतेस, त्यांना दिसत नाही. तुझा हेतू चांगला होता, म्हणून रागावत नाही. आणि 'एक शब्द माझा नाही' हे कोण म्हणतंय? तूच! बाटलीवरची चिठ्ठी."

संशय! माझ्यावर? माझ्यावर! तेहेतीस वर्षं, बारा न्यायाधीश, एक तक्रार नाही. आणि जिला मी बोट धरून चालायला शिकवलं ती म्हणते मी पदरचं घातलं!

लघुलेखनाच्या वहीचा फोटो पाठवणार होते. पण तिला त्या रेघा वाचता येत नाहीत. मीच वाचून सांगणार आणि तिने मानायचं, म्हणजे पुन्हा तेच.

१ मार्च

उत्तर पाठवलं. "नमुना इथे टेबलाशी बसलाय. येऊन तपास. तुझं कामच आहे ना ते?"

संध्याकाळी आलं. "शनिवारी येते. माझ्या कानांनी ऐकते."

२ मार्च

दादाला सांगणं भाग होतं. चहा देऊन सांगितलं. सगळं — उतरवलं, ठेवलं, वाचताना गाळलं, पाठवलं.

कप खाली ठेवला. "मी सांगितलं होतं, लिहू नकोस."

"ऐकलं होतं. तेही लिहिलंय."

"माझ्या आंधळेपणाचा फायदा घेतलास."

तेवढं मात्र खरं होतं. तेही इथे उतरवते.

"येऊ दे तिला," म्हणाला. "सांगेन, मी असं बोललोच नाही."

"दादा, मग ती आयुष्यभर मला खोटारडी म्हणेल. आणि पुन्हा यायची नाही."

उठून खोलीत गेला. भिंतीला हात लावत.

५ मार्च

तीन दिवस बोलणं नाही. जेवतो, "मीठ" म्हणतो, तेवढंच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मीही विचारत नाही. मी तरी कुणाची बहीण!

मला वाईट वाटतंय ते वाचताना गाळलं त्याचं. लिहिलं त्याचं नाही.

६ मार्च

आज दादाने स्वतः दाढी केली. दोनदा कापलं. शनिवारबद्दल एक अक्षर नाही. उद्या हा नाही म्हणाला, तर माझा शब्दही गेला आणि पोरगीही गेली.

७ मार्च, शनिवार

अकराला आली. दारात उभी, पिशवी खांद्यावरच. "बाबा, चौथ्या पानावरचं तुम्ही बोललात का?"

दादाने मान वळवली, कडेच्या नजरेने तिला शोधलं. मग म्हणाला, "चाळीस वर्षं चर्चमध्ये लोक नुसते माना डोलवत बसले. उलटं बोलणारी तू एकटी भेटलीस. ये, इथे बस. चहा निवला असेल."

ती बसली. बराच वेळ त्याचा हात धरून बसली. मग माझ्याकडे वळली, डोळे भरलेले. "आत्या, शब्दन्शब्द तेच लिहिलं होतंस की गं."

पत्रातल्या वाक्याशी एकही शब्द जुळत नव्हता. मी दुरुस्त केलं नाही.