कुलपे उघडी ठेवण्याबाबत

हिंगोली
४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप गोजरआक्कास, धाकट्या भागवतचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की तू रुसतेस, म्हणून हे पत्र. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी धरणापलीकडच्या सरकारी दवाखान्यात जातो. तिथल्या डॉक्टरीणबाई स्वतःच बाळंतपणाच्या रजेवर आहेत, तेव्हा बाळंतपणे माझ्या वाट्याला आली. येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या पाठीमागे बघते, तिथे एखादी बाई डॉक्टर उभी आहे का ते.

आज चांगुणाबाई नावाची म्हातारी नातसून प्रियंकाला घेऊन आली. शेळ्यामेंढ्यांचे घर. पोरीचे दिवस भरत आलेत आणि बीपी वाढलेले आहे. हिचे बाळंतपण घरी होऊन चालणार नाही. म्हातारीने आधी दवाखानाच तपासला. कपाटे हलवून पाहिली आणि विचारले की कळा सुरू झाल्यावर ही समदी कुलपं उघडणार का. बाई अडू नये म्हणून कुलपे उघडायची, गाठी सोडायच्या, अशी त्यांच्यात रीत आहे. मी अर्धा तास तिला शास्त्र सांगितले, सरकारी मालमत्ता म्हणजे काय तेही सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली की तुमी तुमची कुलपं सांभाळा, आमी आमचं लेकरू सांभाळतो. पोरीचा हात धरून गेलीसुद्धा. पोरगी मात्र मागे वळून पाहत होती. आता काय करावे, ते कळव.

तुझा धाक आणि माया दोन्ही असू दे.

तुझा
भागवत

पुसेगाव
७ फेब्रुवारी २०२५

चि. भागवतास गोजरआक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग. एवढा शिकला, पण अडलेल्या बाईला भ्याव वाटतं हे तुला कोणत्याच पुस्तकात भेटलं न्हाई का? तुझ्या येळेला माय दीड दिवस अडली होती. मी नऊ वर्षांची. आजीनं मला कुलपं उघडायला पिटाळलं. आपल्या घरात कुलूप एकच, तेबी मोडकं. म्हणून मी गल्लीतली उघडायला लावली, शेवटी शाळेचंबी. तू झाला, अन् गुरुजी दोन महिने माझ्यावर खवळून राहिले.

कुलपानं तू झाला असं मी म्हणत न्हाई. पण माय सांगायची की गल्लीतली एकेक कडी वाजली तसा तिला धीर येत गेला, आपल्यासाठी समदे उठले म्हणून. तू रोज देवापुढं हात जोडतो, तवा कोणतं शास्त्र काढतो? मग त्या म्हातारीपुढंच काहून ताठा करून राहिला? तिच्या घरी जा. चुकलं म्हण. चहा दिला तर पी, साखर जास्त असली तरी.

गुडघे सोडले तर मी बरी हाय. माया हाय तेवढी पुरे, तुझी अक्कल तेवढी वाढावी.

तुझी
आक्का

हिंगोली
२० फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास सा. न. वि. वि.

गेलो. चुकलं म्हणालो. चहा दोनदा प्यालो. चांगुणाबाई म्हणाली की समदी कुलपं उघडाल ते लेखी द्या. तेही दिले.

परवा मंगळवारी सकाळी प्रियंका आली. म्हातारी पुढे, किल्ल्यांचा जुडगा घेऊन आम्ही मागे. कपाटे, कार्यालय, रुग्णवाहिका, सगळे उघडले. औषधभांडाराचे हरिचंद किल्ली कमरेला लावूनच घरी जेवायला जातात, त्यांनाही ती काढून ठेवावी लागली. पुजा सिस्टरने टोपीखालची वेणी सोडली, मी बुटांच्या नाड्या. मोबाइललाही लॉक असते हे कोणीतरी म्हातारीला सांगितले, मग तेही उघडले. घरी प्रियंकाच्या नवऱ्याने, बालाजीने, शेळ्यांचा वाडा उघडला आणि तो इकडे धावत आला. निम्म्या शेळ्या शेजारच्या हरभऱ्यात शिरल्या, निम्म्या त्याच्यामागे दवाखान्यात. फाटक उघडेच होते. एकीने भिंतीवरचे लसीकरणाचे वेळापत्रक गुरुवारच्या रकान्यापर्यंत खाल्ले.

प्रियंका मात्र दोन कळांच्या मध्ये विचारायची की आता काय उघडलं, आणि सिस्टर एकेक नाव सांगायची. दुपारी मुलगी झाली. रडली नाही. निळसर पडली होती, हातपाय ढिले. श्वास देण्याची पिशवी हरिचंदांच्या कपाटात होती आणि हरिचंद जेवायला गेले होते. ती बाळंतखोलीत हवी, हे इतक्या दिवसांत माझ्या ध्यानात आले नव्हते. कपाट उघडे होते म्हणून सिस्टर धावत गेली आणि घेऊन आली. मी नागनाथाचे नाव घेत पिशवी दाबत राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग ती रडली. बाहेरून एका शेळीने उत्तर दिले. पोरगी आणि तिची आई, दोघी सुखरूप आहेत. पिशवी आता बाळंतखोलीतच टांगली आहे.

काल वरून खुलासा मागवला आहे, की भांडार दिवसभर उघडे का होते. मी लिहिले की अवघड रुग्णाबाबत दोन अनुभवी व्यक्तींची मते घेऊन तसा निर्णय घेतला. पहिल्या मताखाली चांगुणाबाईचा अंगठा घेतला आहे. दुसऱ्या मतासाठी जागा सोडून कागद सोबत पाठवत आहे. चष्मा लावून सही कर.

रागावत जा, म्हणजे मी ताळ्यावर राहीन.

तुझा
भागवत